रिकामा स्लॉट : लॅमिंग्टन रोड, भिवंडी आणि जोडणीच्या संगणकाचा इतिहास

खेळांसाठी सुट्या भागांतून संगणक जोडून घेणाऱ्याचे लक्ष प्रथम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांकडे जात असले, तरी त्या यंत्राचे आयुष्य किती आणि पुढे त्यात भर किती घालता येईल, हे मुख्यतः मदरबोर्ड आणि मेमरी या दोन निवडींवर ठरते. मदरबोर्ड म्हणजे ज्या फलकावर प्रोसेसर, मेमरी, कार्डे आणि वीजपुरवठा यांची जोडणी होते तो फलक. आणि मेमरी, म्हणजेच बाजारात सर्रास ‘रॅम’ म्हटली जाणारी वस्तू, म्हणजे वीज चालू असेपर्यंतच माहिती धरून ठेवणाऱ्या चिपांची पट्टी. महाराष्ट्रात या दोहोंच्या खरेदीची एक ठराविक रीत दीर्घकाळ रुळली होती : मदरबोर्ड ऐपतीपेक्षा थोडा वरचा घ्यायचा, रॅमची स्टिक मात्र एकच घ्यायची आणि शेजारचा स्लॉट, म्हणजे स्टिक बसवण्याची खाच, पुढच्या दिवाळीसाठी किंवा पुढच्या पगारवाढीसाठी रिकामी ठेवायची. घराच्या गच्चीवर वरच्या मजल्यासाठी सळया सोडून ठेवाव्यात, तसाच हा व्यवहार होता. त्याला काटकसर एवढेच नाव देऊन भागत नाही, कारण कोणत्या काळात एक स्लॉट रिकामा ठेवणे शक्य होते आणि कोणत्या काळात नव्हते, हे आधी यंत्ररचनेने आणि मग जकात, आयातशुल्क व बाजारापर्यंतच्या रस्त्याने ठरवले.

हा रस्ता नीट दिसतो तो मुंबईतून नव्हे, तर गणेशपुरीसारख्या गावातून. भिवंडी तालुक्याच्या उत्तर भागात, तानसा नदीच्या खोऱ्यात, वज्रेश्वरीला लागून असलेले हे गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी आणि स्वामी नित्यानंदांच्या समाधीसाठी प्रसिद्ध आहे. नित्यानंदांचे निधन ८ ऑगस्ट १९६१ रोजी येथेच झाले, आणि त्यांचे शिष्य मुक्तानंद यांच्या आश्रमामुळे पुढे परदेशी साधकांचीही येथे वर्दळ वाढली. मात्र इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारपेठेच्या दृष्टीने गाव आडबाजूलाच राहिले. एसटीने वसई गाठायची, तेथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड स्थानकावर उतरायचे आणि मग पायी लॅमिंग्टन रोडवर जायचे, असा तेथून संगणकाच्या सुट्या भागांकडे जाणारा सरळ मार्ग होता. येण्याजाण्यात दिवस मोडत असे. एवढ्या लांबून येणाऱ्या गिऱ्हाइकाला बिघडलेली स्टिक बदलून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा हेलपाटे घालणे परवडणारे नसते, ही साधी गोष्ट पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावी लागते.

मुंबईत मेमरीचा इतिहास बाजारापासून नव्हे, प्रयोगशाळेपासून सुरू होतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रा. नरसिंहन यांच्या गटाने उभारलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफरॅक’ असे नामकरण केले. त्याची मेमरी फेराइटच्या, म्हणजे चुंबकीय गुणधर्म असलेल्या सिरॅमिक द्रव्याच्या, बारीक कड्यांची होती. तारांत ओवलेले प्रत्येक कडे एका दिशेने किंवा उलट दिशेने चुंबकित होई आणि त्यावरून शून्य किंवा एक असा एकच अंक, म्हणजे एक बिट, साठवला जाई. टिफरॅकमध्ये ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापात ही मेमरी १० किलोबाइट भरते. सध्या खेळाच्या संगणकात सहज बसवली जाणारी १६ गिगाबाइटची एक स्टिक तिच्या पावणेसतरा लाख पटींहून अधिक आहे. येथे मुद्दा केवळ आकड्यांचा नाही. टिफरॅकची मेमरी हा त्या यंत्राचा अविभाज्य अवयव होता. ‘आज थोडी घेऊ, उरलेली नंतर’ हा विचार मेमरी सुटी विकली जाऊ लागल्यावरच शक्य झाला.

त्या दिशेने पहिले पाऊल १९७० मध्ये पडले. इंटेलने त्या वर्षी ‘११०३’ ही १,०२४ बिटांची चिप बाजारात आणली आणि कड्यांच्या मेमरीचा काळ संपत आला. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या मदरबोर्डवर मेमरीच्या सुट्या चिपा बसवण्यासाठी सॉकेटांच्या रांगा होत्या. एका रांगेत नऊ चिपा बसत; आठ माहितीसाठी आणि नववी चूक पकडण्यासाठी, जिला पॅरिटी चिप म्हणत. मेमरी वाढवायची तर नऊच्या नऊ चिपा एकदम बसवाव्या लागत. प्रत्येक चिपेला दोन्ही बाजूंना पाय असत, त्यातला एखादा पाय दाबताना सॉकेटाबाहेर वळला तर ती अख्खी रांग निकामी ठरे, आणि वळलेला पाय चिमट्याने सरळ करताना तुटला तर चिपही गेली.

भारतात या यंत्राचा प्रवेश धोरणाच्या दारातून झाला. आयबीएमने १९७८ मध्ये देशातून काढता पाय घेतल्यानंतर काही वर्षे देशी कंपन्यांना परवान्याच्या चौकटीत वाढायला वाव मिळाला. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने जाहीर केलेल्या संगणक धोरणाने आयातीचे निर्बंध सैल केले, शुल्क उतरवले आणि परवान्यांची जाचकता कमी केली. आयबीएमच्या यंत्राची रचना उघड असल्याने तैवानमधील कारखान्यांनी त्याबरहुकूम मदरबोर्ड बनवण्यास सुरुवात केलीच होती. त्यातून महाराष्ट्रात दोन प्रकारचे संगणक विकले जाऊ लागले : झेनिथसारख्या मुंबईच्या कंपन्यांचे ‘ब्रँडेड’ आणि सुटे भाग आणून दुकानातच जोडलेले ‘असेंबल्ड’. दुसऱ्या प्रकाराला ‘लोकल मशीन’ म्हणून हिणवण्याची पद्धत होती खरी; पण खेळांसाठी संगणक घेणारे बहुतेक याच वाटेने गेले, कारण तेथे प्रत्येक भाग निवडता येत असे आणि नंतर एकेक बदलताही येत असे.

या व्यापाराचे केंद्र लॅमिंग्टन रोड होते. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाचा हा रस्ता कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, तरी व्यापारी आणि गिऱ्हाईक दोघांच्याही तोंडी जुनेच नाव टिकून राहिले. इंपीरियल, मिनर्व्हा, नाझ, अप्सरा या चित्रपटगृहांमुळे हा रस्ता आधी सिनेमाचा होता, आणि नाझच्या इमारतीत चित्रपट वितरकांच्या कचेऱ्या होत्या. रेडिओ, ट्रान्झिस्टर आणि अँप्लिफायर यांच्या सुट्या भागांची दुकानेही याच परिसरात होती, आणि संगणकाचा व्यापार आला तो त्यांच्या शेजाराने. रेझिस्टर आणि कंडेन्सर नगावर विकणाऱ्या बाजाराला मेमरीची चिप नगावर विकणे परके वाटण्याचे कारण नव्हते. येथील दर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असू शके, पक्क्या बिलाचा भाव वेगळा आणि बिनबिलाचा वेगळा असे, आणि कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिलेले ‘कोटेशन’ घेऊन चार दुकाने फिरणे हा खरेदीचाच भाग मानला जाई.

आता यंत्ररचनेच्या त्या नियमाकडे वळता येते, ज्याने रिकाम्या स्लॉटचा इतिहास घडवला. प्रोसेसर मेमरीशी एका वेळी ठराविक बिटांचा व्यवहार करतो. तेवढी रुंदी भरून काढणाऱ्या स्टिकांच्या संचाला बँक म्हणतात, आणि बँक अपुरी असेल तर संगणक सुरूच होत नाही. सुट्या चिपांच्या जागी आलेल्या पहिल्या पट्ट्या, म्हणजे तीस पिनांचे सिम, आठ बिट रुंदीच्या होत्या. ४८६ या प्रोसेसरला बत्तीस बिट लागत असल्याने तशा चार पट्ट्या एकदम आणि एकाच क्षमतेच्या घ्याव्या लागत. एक घेऊन तीन जागा मोकळ्या ठेवण्याची सोयच नव्हती. डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या ‘डूम’ या खेळाने किमान ४ मेगाबाइटची अट घातली, तेव्हा १ मेगाबाइटच्या चार पट्ट्या ही त्या काळची नेमकी खरेदी ठरे. पुढे बहात्तर पिनांचे सिम आले. त्यांची रुंदी बत्तीस बिट असल्याने ४८६ वर एका पट्टीने भागू लागले, पण लगेच मेमरीशी चौसष्ट बिटांनी व्यवहार करणारा पेंटियम आला आणि पुन्हा जोडीने खरेदी करणे भाग पडले.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात १६८ पिनांचे डिम आणि त्यावरील एसडीरॅम रूढ झाली, आणि ही एकच स्टिक चौसष्ट बिट रुंद होती. एक स्टिक म्हणजे एक पूर्ण बँक, हे समीकरण प्रथमच इतके सरळ झाले. एका स्टिकवर संगणक चालू होई आणि उरलेले स्लॉट कोणतीही अडचण न करता रिकामे राहत. महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत संगणक शिरला तो नेमका याच सुमारास, आणि ‘आता एक टाका, नंतर वाढवू’ हा दुकानदाराचा सल्ला तेव्हाच रुजला.

त्या सल्ल्यामागे भावातील चढउताराचेही मोठे कारण होते. मेमरी ही धान्याप्रमाणे जागतिक मालाच्या भावाने विकली जाणारी वस्तू आहे, आणि तिचा भाव ग्राहकाच्या गावापासून फार दूरच्या घटनांनी हलतो. जुलै १९९३ मध्ये जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपेचे काळे वेष्टण ज्या राळेपासून बनते त्या राळेच्या जगातील पुरवठ्याचा मोठा हिस्सा तेथून येत असल्याने मेमरीचे भाव अल्पावधीत कडाडले. २१ सप्टेंबर १९९९ च्या तैवानमधील भूकंपाने शिंचू येथील कारखान्यांची वीज गेली आणि तोच प्रकार पुन्हा घडला. अशा बाजारात सगळी मेमरी एकाच दिवशी घेणे हा जुगार होता. निम्मी आज आणि निम्मी भाव उतरल्यावर, हा हिशेब बहुधा फायद्यात जाई, कारण मधल्या उसळ्या सोडल्या तर दीर्घ मुदतीत भाव खालीच येत गेले.

याच काळात एक उलटा प्रसंगही घडला, जो आता बहुतेक विसरला गेला आहे. सन २००० मध्ये पेंटियम ४ सोबत इंटेलने रॅमबस मेमरीचा आग्रह धरला. या पद्धतीत विद्युत संकेत एकामागोमाग एक सर्व स्लॉटांतून पुढे सरकत असल्याने मधला एकही स्लॉट उघडा ठेवणे चालत नसे. स्टिक नसेल तेथे ‘कंटिन्युइटी मॉड्यूल’ नावाची, चिपा नसलेली, केवळ संकेत पुढे नेणारी पट्टी खोचावी लागे. येथे रिकाम्या स्लॉटलाही पट्टी लागे! महाग मेमरी आणि जोडीची सक्ती यांमुळे ही पद्धत टिकली नाही. इंटेलच्याच ८४५ चिपसेटच्या, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि इतर भाग जोडणाऱ्या चिपांच्या संचाच्या, मदरबोर्डांवर आधी एसडीरॅम आणि लगेच तिची पुढची पिढी डीडीआर चालू लागली, आणि या मदरबोर्डांना येथे उदंड मागणी आली. पैसे असणाऱ्याने इंटेलचा स्वतःचा बोर्ड घ्यायचा आणि हात आखडता असणाऱ्याने मर्क्युरीचा, अशी तेव्हाची ढोबळ विभागणी होती. ‘व्हाइस सिटी’ या खेळाला १२८ मेगाबाइट पुरत आणि ‘सॅन अँड्रियास’ या खेळाने २५६ मागितले, एवढ्याने रिकाम्या स्लॉटची उपयुक्तता सिद्ध होत असे.

बोर्ड वरचा घ्यावा हा सल्ला मात्र त्याच दशकात अनेकांच्या अंगाशी आला. १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या असंख्य मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून तिचा प्रवाह सम ठेवणारे दंडगोल, बसवले गेले होते. त्यांच्या आतील द्रावण बिघडून वायू धरे, वरची फुलीच्या आकाराची खूण असलेली ॲल्युमिनियमची टोपी फुगे आणि कधी तपकिरी रस बाहेर येऊन सुकून बसे. मोठ्या, नावाजलेल्या उत्पादकांचे बोर्डही यातून सुटले नाहीत. बोर्ड पाच वर्षे टिकेल आणि दोन वर्षांनी मेमरी वाढवू, या हिशेबातला पहिला भागच त्यामुळे डळमळीत झाला. मेमरीच्या बाबतीत बिघाड बहुधा किरकोळ असे. कोकणपट्टीच्या दमट हवेत स्टिकच्या खालच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवर मळ धरतो, संगणक सुरू करताच लांब ‘बीप’ वाजत राहतो आणि पडदा काळाच असतो. तेव्हा कॅबिनेट उघडून, दोन्ही टोकांच्या खिट्या मागे लोटून स्टिक काढायची, शाळेच्या खोडरबराने संपर्कपट्ट्या घासायच्या, चुरा झटकायचा आणि ‘खट्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवायची, हा उपाय दुकानदारापासून शाळकरी मुलापर्यंत सर्वांना ठाऊक झाला. लॅमिंग्टन रोड ज्यांना दिवसभराच्या अंतरावर होता, त्यांनी तो लवकर शिकून घेतला असल्यास नवल नाही.

एक स्टिक आणि एक मोकळी जागा या रीतीला खरा धक्का २००३ मध्ये बसला. इंटेलच्या ८६५ आणि ८७५ चिपसेटांनी ड्युअल चॅनल पद्धत सर्वसामान्य केली. या पद्धतीत दोन सारख्या स्टिका ठराविक स्लॉटांत बसवल्या की प्रोसेसर दोन्हींशी समांतर व्यवहार करतो आणि मेमरीची वाहतूकक्षमता दुप्पट होते. आधीच्या नियमात आणि यात महत्त्वाचा फरक असा, की अपुरी बँक असेल तर संगणक चालत नसे आणि गिऱ्हाइकाला चूक लगेच कळे. येथे एका स्टिकवर संगणक निमूट चालतो आणि तोटा दिसत नाही. डीडीआर४ च्या ३२०० या वेगाच्या एका स्टिकची क्षमता सेकंदाला २५.६ गिगाबाइट, तर जोडीची ५१.२. वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता प्रोसेसरमधील ग्राफिक्सवरच खेळणाऱ्याला हा फरक सर्वाधिक भोवतो, कारण त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसून ते याच वाटेवर अवलंबून असते. म्हणजे ज्याचे अंदाजपत्रक सर्वांत तोकडे, त्यालाच जुन्या काटकसरीचा फटका सर्वांत मोठा. बाजारातला सल्ला मात्र यंत्ररचनेच्या बराच मागे राहिला, आणि ८ गिगाबाइटच्या दोन स्टिकांऐवजी १६ ची एक देण्याची पद्धत पुढेही चालू राहिली.

दरम्यान व्यापाराचा रस्ताच बदलला. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला आणि २००५ पर्यंत मदरबोर्ड व मेमरी यांवरील सीमाशुल्क शून्यावर आले; बिनबिलाच्या मालाचे मोठे आकर्षण त्याने संपवले. परंतु देशांतर्गत अडथळे उरलेच होते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत येणाऱ्या मालावर जकात होती, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालावर केंद्रीय विक्रीकर होता. या दोन्हींना वळसा घालण्यासाठी व्यापाराने भिवंडी गाठली. यंत्रमागांचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिवंडीच्या भोवती पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या ग्रामपंचायतींच्या हद्दीत जकात नव्हती, जागा स्वस्त होती, मुंबई–नाशिक महामार्ग जवळ होता आणि न्हावा शेवा बंदरही आवाक्यात होते. भातखाचरांवर गोदामे उठली, त्यांतील कित्येक रीतसर परवानगीशिवाय, आणि अखेरीस २००७ मध्ये या परिसराच्या नियोजनाची जबाबदारी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे (एमएमआरडीए) आली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, मुंबईची जकात त्याच दिवशी संपली आणि मदरबोर्ड व मेमरीवर देशभर एकच १८ टक्के दर आला. जकात चुकवण्यासाठी उभी राहिलेली गोदामे जकात गेल्यावर ओस पडतील, असे कोणाला वाटले असते तर ते चुकीचे ठरले असते. राज्याराज्यांत छोटी कोठारे ठेवण्याची गरज सरल्याने मोठी गोदामे एके ठिकाणी करणे कंपन्यांना फायद्याचे झाले, आणि ॲमेझॉन व फ्लिपकार्ट यांच्यासह अनेकांनी भिवंडी परिसरच निवडला.

गणेशपुरीच्या दृष्टीने याचा परिणाम उफराटा आहे. जो माल आणायला वसईमार्गे ग्रँट रोडला जावे लागे, तशाच मालाची कोठारे आता त्याच तालुक्यात आहेत. अंतर मिटले, पण लॅमिंग्टन रोडवर मालासोबत जे मिळत असे, म्हणजे समोर जोडून, चालू करून दाखवलेले यंत्र आणि या बोर्डावर ही स्टिक चालते की नाही याची हमी, ते गोदामातून येत नाही. ती जबाबदारी आता गिऱ्हाइकावर आली असून ती पूर्वीपेक्षा कठीण आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही स्टिकांना २८८ च पिना आहेत, मात्र मधली खाच वेगळ्या जागी असल्याने एक दुसरीच्या स्लॉटात बसत नाही. इंटेलच्या एलजीए १७०० या २०२१ च्या सॉकेटासाठी दोन्ही प्रकारचे मदरबोर्ड निघाले, तर एएमडीच्या २०२२ च्या एएम५ वर केवळ डीडीआर५ चालते. शिवाय वेष्टणावर छापलेला वेग आपोआप मिळत नाही. बायोस या मदरबोर्डच्या मूळ आज्ञावलीत जाऊन ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्स्पो’ हा पर्याय चालू केला नाही, तर महागडी स्टिक साध्या स्टिकच्या वेगानेच वर्षानुवर्षे चालत राहते.

डीडीआर५ ने रिकाम्या स्लॉटला एक नवे, पूर्वी नसलेले कारणही दिले आहे. वेग इतके वाढले आहेत, की चार स्टिकांचा भार प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रकाला पेलत नाही. रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरांसाठी एएमडीने दोन स्टिकांवर ५२०० चा वेग मान्य केला आहे, पण चारही स्लॉट भरल्यावर तो ३६०० पर्यंतच. त्यामुळे चार स्लॉटांचा बोर्ड घेऊन दोनच भरणे, तेही प्रोसेसरपासून मोजता दुसरा आणि चौथा, हे आज तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. फक्त उरलेले दोन पुढे भरण्याच्या आशेने सोडायचे नसतात. खेळापुरताच विचार केला तर दोनच स्लॉटांचा स्वस्त बोर्ड घेऊन ते दोन्ही एकदमच भरणे बहुतेकांना पुरेसे आहे, आणि चार स्लॉटांसाठी जास्त मोजलेले पैसे बव्हंशी सवयीचे आहेत.

या हिशेबाला २०२५ च्या अखेरीस पुन्हा भावाने गाठले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांसाठी लागणाऱ्या मेमरीकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांनी आपले कारखाने वळवले, सामान्य स्टिकांचे भाव काही महिन्यांत झपाट्याने चढले, आणि डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ‘क्रुशल’ या नावाने सुट्या ग्राहकांना विकली जाणारी मेमरी बंद करण्याचे जाहीर केले. जोडी घेणे परवडत नसल्याने एकाच स्टिकवर भागवून जोडीदारासाठी जागा सोडण्याचा नव्वदच्या दशकातला मार्ग त्यामुळे पुन्हा विचारात घेण्याजोगा झाला आहे. मात्र तेव्हा दुसरी स्टिक कोणत्याही कंपनीची चाले. आता तिचा वेग, क्षमता आणि शक्य तर चिपाही पहिलीशी जुळाव्या लागतात, आणि जो माल बंद होतो त्याची जोडी दोन वर्षांनी भिवंडीच्या गोदामात सापडेलच असे नाही.